एकोणीस मिनिटे मागे

५ जानेवारी १९५९, सोमवार

आज कामावर रुजू झालो. सकाळी मल्लेश्वरमच्या घरून निघालो तेव्हा धुके होते. हेमलताने पुण्याहून आणलेला मफलर गळ्यात घालायला लावला. बसमध्ये कंडक्टरने कानडीत काही विचारले, मी मान हलवली, त्याने बरोबर तिकीट दिले. म्हणजे इथे निभेल.

कारखाना तुमकूर रस्त्याला, यशवंतपूरच्या पुढे. सरकारी आणि नवा. भिंतींचा चुना अजून हाताला लागतो. मला मिळालेली खोली फाटकाशेजारी आहे. तिच्यात एका उंच काचेच्या कपाटात मास्टर घड्याळ उभे आहे. लोलक जड, आवाज अगदी कमी. दर अर्ध्या मिनिटाला त्यातून विजेचा एक धक्का निघतो, तारेवाटे कारखानाभर जातो, आणि बेचाळीस तबकड्यांचे काटे एकदम एक पाऊल पुढे पडतात. तबकड्या स्वतः वेळ मोजत नाहीत. त्यांनी फक्त मास्टरचे ऐकायचे. हजेरी कार्ड पंच करायची यंत्रे आणि भोंगा याच तारेवर आहेत. पुण्यात टेलिफोन खात्यात सहा वर्षे तारांशी काढली, पण इतकी नेटकी गोष्ट पाहिली नव्हती.

साहेबांचे नाव प्राणेश. असिस्टंट वर्क्स मॅनेजर. आवाज मऊ. माझ्या आधीचे म्हातारे घड्याळजी डिसेंबरात निवृत्त झाले, तेव्हापासून तबकड्या आपापसात जुळत नाहीत, असे ते म्हणाले. म्हणाले, मला बेचाळीस घड्याळे आणि एक वेळ हवी आहे, बस. सहा महिन्यांनी कायम करू, मग क्वार्टर.

घरी येऊन हेमलताला सांगितले. ती म्हणाली, खोल्या दोनच असल्या तरी चालतील, नळ मात्र आत हवा.

८ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस रेडिओशी लावलेले खिशातले घड्याळ घेऊन शॉपमागून शॉप हिंडलो. बहुतेक तबकड्या अर्ध्या-एका मिनिटाने चुकलेल्या. कँटीनची चार मिनिटे पुढे, ती बहुधा भुकेने गेली असावी. या सगळ्या साध्या गोष्टी आहेत. कुठे तार सैल, कुठे धूळ.

तीन नंबर शॉपची गोष्ट वेगळी. तिथे पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेस आहेत. तिथली तबकडी एकोणीस मिनिटे मागे. सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, बरोबर एकोणीस. बिघडलेले घड्याळ इतके नियमाने चुकत नाही. कोणीतरी मुद्दाम मागे लावलेले असते.

तसेच निघाले. फोरमन व्यंकोजीअण्णा बंगलोरच्याच जुन्या मराठी घराण्यातले. शहाजीराजांबरोबर आलो ते परत जायचे राहून गेले, असे म्हणतात. मी तबकडीकडे बोट दाखवले तर म्हणाले, पुणेकर, स्वल्प बसा, ती कुठे पळून जात नाही. मग सांगितले. आपली प्रमाण वेळ मिर्झापूरकडच्या सूर्याची. बंगलोरला सूर्य डोक्यावर यायला त्यानंतर एकोणीस मिनिटे लागतात, वर काही सेकंद. पंचांग इथले, राहुकाळ इथला, मग घड्याळ तिकडचे कशाला? कारखाना सुरू झाला त्या वर्षी राहुकाळ चुकीच्या घड्याळावर मोजून प्रेसवर नवा साचा चढवला आणि एकाची दोन बोटे गेली. त्यानंतर म्हाताऱ्या घड्याळजींनी यांच्या सांगण्यावरून काटे एकोणीस मिनिटे मागे घेतले. तुमच्या पुण्याला उसना सूर्य चालत असेल, म्हणाले, आमच्या प्रेसला चालत नाही.

मला हसू आले. त्यांनाही आले.

रजिस्टरमध्ये नोंद केली : तीन नंबर शॉप, एकोणीस मिनिटे मागे.

१० जानेवारी, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत शिडी लावून तीन नंबरची तबकडी दुरुस्त केली. काच उघडली, काटे पुढे घेतले, काच लावली. दोन मिनिटांचे काम. व्यंकोजीअण्णांनी खाली शिडी धरली होती. मी उतरलो तरी त्यांनी ती सोडली नाही.

मग त्यांनी शिवाप्पाची हकीकत सांगितली. शिवाप्पा त्यांच्या शॉपमधला प्रेसवाला. बारा नोव्हेंबरला प्रेसखाली मेला. तेव्हा शॉपच्या तबकडीवर तीन एकवीस झाले होते. मास्टर घड्याळात तीन चाळीस.

पाळी साडेतीनला संपते. पण तीन नंबर शॉप सकाळी एकोणीस मिनिटे उशिरा प्रेस चालू करी आणि दुपारी भोंग्यानंतर एकोणीस मिनिटे चालवी. सगळ्या कारखान्याला हे ठाऊक होते, प्राणेशांनाही. माल वेळेवर निघत होता म्हणून कोणी बोलले नाही. आता कागदावर असे आहे की पाळी साडेतीनला संपली, शॉपची तबकडी बरोबर होती, आणि शिवाप्पा आपल्या मर्जीने मागे थांबला. कामावर नसताना मेला, म्हणजे कारखान्याचा संबंध नाही. त्याची बायको अनुसूया अजून क्वार्टरमध्ये आहे. याची चौकशी व्हायची आहे, ती विरुद्ध गेली तर तिला भरपाई नाही, नोकरी नाही, क्वार्टरही सोडायचे.

मी म्हणालो, रजिस्टरमध्ये नोंद आहे.

ते म्हणाले, माझं कोण ऐकणार? अण्णानेच काटे फिरवले म्हणतील. तुम्ही नवे, बाहेरचे. तुमचं ऐकतील. चौकशीत तेवढं पान दाखवा.

दाखवीन म्हणालो. त्यात विशेष काय?

१२ जानेवारी, सोमवार

तीन नंबर पुन्हा एकोणीस मिनिटे मागे.

व्यंकोजीअण्णांनीच केले असणार. काटे पुढे घेतले, काचेला दोरा बांधून त्यावर लाखेची मोहोर लावली.

१४ जानेवारी, बुधवार

मोहोर शाबूत. दोराही. तबकडी एकोणीस मिनिटे मागे.

संध्याकाळी संक्रांतीचे म्हणून व्यंकोजीअण्णांकडे गेलो. त्यांच्याकडे तिळगुळाऐवजी एळ्ळू-बेल्ल देतात : तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे एकत्र. हेमलताला फार आवडले, कृती लिहून घेतली. मोहोरेचा विषय मी काढला तेव्हा अण्णा ताट खाली ठेवून म्हणाले, मला मागे न्यायचं असतं तर दिवसाढवळ्या नेलं असतं, मागच्या वेळी नेलं तसं. चोरून करायला मी काय पुण्याचा? त्यांच्या घरचे हसले. ते हसले नाहीत.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज दुपारी स्वतः खाली बसलो. सकाळी काटे बरोबर लावून ठेवले होते. शेजारच्या चार नंबर शॉपची तबकडी दारातून दिसते. दोन्ही एकाच तारेवर आहेत, एकीतून गेलेली वीजच पुढे दुसरीत जाते.

तीन वाजता दोन्ही जुळत होत्या. तीन वीसला जुळत होत्या. तीन एकवीसला तीन नंबरचा काटा पडला आणि थांबला.

चार नंबरचा पुढे पडत राहिला. मी कानाशी लांब पट्टी धरून तबकडीला टेकवली. आतले लोहचुंबक दर अर्ध्या मिनिटाला वाजत होते. धक्का पोहोचत होता. काटा घेत नव्हता. साडेतीनला भोंगा झाला, माणसे गेली, प्रेस थंड पडल्या. माझ्या खिशातल्या घड्याळात तीन चाळीस झाले आणि तो पुन्हा चालू झाला. काही झालेच नाही अशा चालीने.

अडकलेला काटा अडकलेला राहतो किंवा सुटतो. ठरल्या वेळी अडकून ठरल्या वेळी सुटत नाही. यंत्र बदलून पाहतो.

१९ जानेवारी, सोमवार

यंत्र बदलले. तबकडी बदलली. तार बदलली. तीन एकवीस ते तीन चाळीस, तसेच. शेवटी तार काढूनच टाकली. तार नसताना काटे चालत राहिले. तीन एकवीसला थांबले.

हे कोणाला सांगितले नाही.

संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी एक बाई उभी होती. व्यंकोजीअण्णांनी सांगितले म्हणून आली होती. अनुसूया. कानडीत बोलत होती, मला निम्मे कळले. रजिस्टर पाहायचे आहे असे नाही, म्हणाली, वाचता येत नाही. ते कुठे ठेवता ते फक्त पाहायचे आहे. मी कपाट दाखवले. तिने कपाटाला नमस्कार केला आणि गेली.

२२ जानेवारी, गुरुवार

प्राणेशांनी बोलावले. कॉफी मागवली. हेमलताला इथली हवा मानवते का ते विचारले. मग म्हणाले, तुमच्या रजिस्टरचे आठ जानेवारीचे पान शाईने खराब झाले आहे, ते नव्याने लिहावे. आणि चौकशीसाठी एक लहान दाखला हवा आहे. तो टंकून तयार होता. त्यात इंग्रजीत दोन ओळी : तीन नंबर शॉपची तबकडी मी तपासली. ती मास्टर घड्याळाशी जुळती आहे व जुळती होती.

मी म्हणालो, होती असे मला कसे सांगता येईल.

ते म्हणाले, घाई नाही, घरी विचार करा. माझा प्रोबेशनचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर उघडाच होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

हेमलताला काही सांगितले नाही. तिला दिवस गेले आहेत, हे तिने आजच मला सांगितले.

२३ जानेवारी, शुक्रवार

सही केली. आठ जानेवारीचे पानही नव्याने लिहून दिले.

दुपारी तीन नंबरखाली जाऊन उभा राहिलो. तीन एकवीस. काटा पडला. मग तीन साडेएकवीस. मग बावीस. थांबला नाही.

व्यंकोजीअण्णा प्रेसच्या पलीकडून पाहत होते. जवळ आले नाहीत.

२ फेब्रुवारी, सोमवार

क्वार्टर मिळाले. सहा महिने थांबावे लागले नाही. दोन खोल्या, नळ आत. भिंतीला चुना नवा आहे पण स्वयंपाकघरात चुलीच्या वर जुना काळा डाग वर येतो. हेमलता दिवसभर मांडामांड करत होती. आधी इथे कोण होते हे तिला शेजारणीकडून कळले. शिवाप्पाची बायको भावाकडे यशवंतपूरला गेली आहे. चौकशी अठरा तारखेला आहे, तरी तिला आधीच काढले. हेमलता म्हणाली, आपण थोडे थांबलो असतो. मी म्हणालो, क्वार्टर थांबत नाही.

तबकडी दहा दिवस बरोबर आहे. बेचाळीसच्या बेचाळीस. प्राणेशांनी पाठ थोपटली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी फाटकावर कार्ड पंच करायला गेलो तर कार्डावर आधीच शिक्का होता. सहा बावन्न. माझ्या घड्याळात सहा बावन्नच झाले होते. मी पंच केले. शिक्का उठला : सात अकरा. उशीर, लाल शाईत.

पंच यंत्राला माझे घड्याळ लावून पाहिले. यंत्र बरोबर होते. माझे घड्याळ एकोणीस मिनिटे मागे.

पहारेकरी म्हणाला, मघाशी तर आत गेलात साहेब, नमस्कार पण केलात.

घड्याळ बरोबर लावले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळ पुन्हा मागे. नवे घेऊन पाहिले, तेही मागे पडले. दोष घड्याळात नाही.

माझ्या खोलीत गेलो तर खुर्ची कोमट होती. टेबलावर माझ्या अक्षरात आजचा तक्ता भरलेला, शाई ओली. मी जो भरणार होतो तोच. मी बसलो आणि त्याच्याखाली तोच पुन्हा भरला. दुसरे काय करावे सुचले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

घरी आलो. हेमलताने दार उघडले आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, अहो, आत्ता तर आलात, कॉफी घेतलीत, तोंड धुवायला न्हाणीत गेलात. बाहेर कधी गेलात?

पेला पालथा घातला होता. न्हाणीत कोणी नव्हते. फरशी ओली होती. टॉवेल ओला होता.

माझ्या पुढे एकोणीस मिनिटांवर कोणीतरी चालले आहे. तो मीच आहे. मी येईपर्यंत तो थांबत नाही.

तिला मी म्हणालो, मागच्या दाराने गेलो होतो. तिने मला पुन्हा कॉफी केली.

११ फेब्रुवारी, बुधवार

कारण एकच असू शकते. सही. ती मागे घ्यायची ठरवून प्राणेशांकडे गेलो. रस्त्यात शब्द जुळवत होतो.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, पुन्हा? आत्ताच नाही का सांगितले, दाखला चौकशीच्या फायलीत गेला आहे, तो परत मिळत नाही. तुमचा अर्ज मी फाडला आहे, तुमच्याच देखत.

टोपलीत तुकडे होते. माझे अक्षर. माझा अर्ज माझ्या खिशात होता, अजून दिलेला नव्हता.

तो काढून टेबलावर ठेवला. त्यांनी फाडला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

यशवंतपूरला अनुसूयेकडे गेलो. तिला सांगणार होतो की चौकशीत उभा राहून सही खोटी आहे म्हणेन. नोकरी गेली तर गेली. बसमध्ये हे पक्के होते. घराशी वळलो तेव्हाही पक्के होते.

ती उंबऱ्यात बसली होती. शेजारी पाण्याचा रिकामा तांब्या. मला पाहून उठली नाही. तिच्या भावाने मराठी-कानडी मिसळून सांगितले, की तुम्ही आत्ता येऊन म्हणालात, बायको गरोदर आहे, मला बोलता येणार नाही, माफ करा. पाणी प्यालात आणि गेलात. मग परत कशाला?

मी तसे म्हणालो नव्हतो. तसे म्हणायला आलोच नव्हतो.

उभा राहिलो. ती पाहत होती. हेमलताचा चेहरा डोळ्यासमोर आला, क्वार्टर, नळ. मग मी म्हणालो. तेच. त्याच शब्दांत असावे, कारण तिने हात वर करून मला मध्येच थांबवले.

केळ्दे, म्हणाली. ऐकलं.

पाणी दिले नाही.

तो पुढे जातो म्हणून मी तसे वागतो असे मला वाटत होते. तसे नाही. मी कसा वागणार हे त्याला आधी कळते, एवढेच.

१५ फेब्रुवारी, रविवार

हेमलता दोनदा वाढत नाही. मला गार अन्न मिळते. ते आले तेव्हा गरम होते, म्हणाली. मी विचारले, ते म्हणजे कोण? ती रडली. मग म्हणाली, आधी येतात ते बोलतात तरी. आज त्यांनी पाळण्याचं विचारलं. तुम्ही येता आणि वहीत लिहीत बसता.

पाळण्याचे मी विचारणार होतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बंगलोर सोडावे. कोणाला न सांगता स्टेशनवर गेलो. तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणाला, पुण्याचे तिकीट मघाशी घेतलेत, मग परत केलेत. आता पुन्हा?

परत केले होते. म्हणजे मी परत करणार.

घेतले. परत केले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

व्यंकोजीअण्णा आज खोलीत आले. महिन्यात पहिल्यांदा. बसले नाहीत. दारातून म्हणाले, दोन वेळा येतोस म्हणतात लोक. एकदा तरी खरं सांगायला ये.

मग जाताना : उद्या पावणेचारला चौकशीचे साहेब शॉपमध्ये येऊन तबकडी बघणार. अनुसूयाही येणार.

सही मागे घेता येत नाही. काटे घेता येतात.

साहेबांच्या मनगटावर त्यांचे घड्याळ असेल. वर पाहतील. एकोणीस मिनिटांचा फरक दिसेल. मग प्राणेशांचा कागद कागदच राहील, आणि मी सांगेन की हे मी केले, पूर्वी होते तसे केले, होते ते असे होते. त्यांना विचारावेच लागेल.

हेमलताला सांगितले. क्वार्टर जाईल म्हणालो. ती बराच वेळ नळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, जाऊ दे.

म्हणाली, हे मात्र त्यांनी आधी सांगितलं नव्हतं.

हे पहिल्यांदा मला आधी —

म्हणजे चुकवता येते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तीन पंचवीस. घड्याळ आज बरोबर आहे, मी नाही.

शिडी आणायला स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरवाला म्हणाला मघाशीच नेलीत. धावत तीन नंबरला आलो. प्रेस बंद. भोंगा व्हायचा होता तरी बंद. सगळे एका ठिकाणी उभे. मी आलो तशी त्यांनी वाट दिली. एकजण मागे सरताना पडला.

प्रेसच्या कडेशी ताडपत्री. तिच्याखालून एक हात. मनगटावर माझे घड्याळ. चालू आहे.

व्यंकोजीअण्णांनी ताडपत्रीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, काच उघडलीस. काट्यापर्यंत हात गेला होता. मग खाली बघितलंस. कोणी बोलावल्यासारखं. तोल गेला. आम्ही कोणी बोलावलं नाही रे.

किती वेळ झाला विचारले. चार मिनिटं.

म्हणजे मला पंधरा.

वर पाहिले. काच उघडी. काटे जागच्या जागी, मास्टरशी जुळते. तो पोहोचलाच नाही. त्याने फुकट —

तीन तीस. भोंगा. कोणी हलत नाही.

पळता येईल. स्टेशनवरही गेलो होतो. प्राणेश दारात आले, पाहिले, गेले, डॉक्टरला आणायला म्हणे. काटे असेच राहिले तर त्यांचे सगळे जुळते. अनुसूया येईल, वर पाहील, तिला वाचता येत नाही पण बरोबर वेळ दाखवणारे घड्याळ तिला कोणीतरी दाखवीलच.

आतापर्यंत प्रत्येक वेळी तो गेला तिथे मी गेलो. पण प्रत्येक वेळी मलाही तेच हवे होते. फाटले ते मीच फाडू दिले. तिला म्हणालो ते मीच. आज काटे मागे न्यायचे हे मला हवे आहे. त्यालाही हवे होते. तो फक्त थांबला. एक क्षण.

तीन पस्तीस. ताडपत्री थोडी सरकवली. चेहरा पाहिला. घाबरलेला नाही. कोणाला तरी ओळखल्यासारखा.

तीन सदतीस. अण्णांना शिडी धरा म्हणालो. नको म्हणाले. पुन्हा म्हणालो. धरली आहे. दोन्ही हातांनी. ही वही त्यांच्याकडे देतो.

वर गेल्यावर आधी काटे. काच नाही, तोल नाही, आधी काटे. खाली बघायचे नाही. कोणीही असो. नावाने हाक मारली तरी, शिवाप्पाने मारली तरी

आत्ताच कोणी —